कोल्हापूर-सांगली-मिरज भागात डिप्रेशनसाठी केटामाईन उपचार : कोणी घेतलेत का? सुरुवात कुठून करायची?

पंचगंगा_काठ
धाकट्या भावासाठी विचारतेय. वय चौतीस, गोकुळ शिरगावला एमआयडीसीत नोकरी, लग्न झालंय, एक मुलगी आहे. बरीच वर्षं डिप्रेशन आहे. एस्सिटालोप्राम पूर्ण डोसपर्यंत नेऊन झाली, मग व्हेन्लाफॅक्सिन, त्याला लिथियमची जोड, मध्ये मिर्टाझापिन. थोडे दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा तिथंच. कामावर जातो अजून. पण घरी आला की दिवा न लावता पडून राहतो. मुलगी शाळेची वही दाखवायला जाते, तो वही हातात घेतो, पान उलटत नाही, नुसता धरून बसतो. मागच्या महिन्यात वहिनीला म्हणाला, "मी नसलो तर तुमचं सगळ्यांचं सुटेल." त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. औषधांच्या पट्ट्या आता वहिनीच्या ताब्यात असतात, त्याला एकटं ठेवत नाही.

आमचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, याच्या केसमध्ये केटामाईनचा विचार करता येईल, पण माझ्याकडं तशी सोय नाही, पुण्याला चौकशी करा. पुण्यात दोन ठिकाणी फोन केले. एकाने माहिती न विचारता थेट पॅकेज सांगितलं. दुसरीकडे वेटिंग आहे. शिवाय मोबाईलवर जाहिरात आली, व्हिडिओ कॉलवर सल्ला आणि औषध घरपोच. घरपोच हे ऐकूनच मला कसंतरी झालं.

इथं जवळपास कोणी हे उपचार घेतलेत का? पुण्याला जायचं तर किती वेळा जावं लागतं? आणि हे खरंच सुरक्षित आहे का? आई म्हणते, "नशेचं औषध आहे म्हणं ते."

मिरजकर
ताई, आधी एक. भाऊ असं बोलला असेल तर टेलि-मानसचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. 14416, रात्री-बेरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. आणि पुन्हा तसं काही बोलला किंवा एकदम गप्प होऊन वस्तू वाटायला लागला, तर पुण्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या हॉस्पिटलला न्या. केटामाईनचं नंतर.

भूलवाला_सांगली
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळं औषधाच्या बाजूनं सांगतो. मानसोपचाराचा निर्णय माझा नाही.

आईंना सांगा, हे औषध आमच्या ट्रॉलीत रोज असतं. 1962 साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी बनवलं, 1970 ला तिथं भुलीसाठी मंजूर झालं, आणि 1985 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. श्वास फारसा दबत नाही, रक्तदाब पडत नाही. म्हणून अपघाताच्या पेशंटला, भाजलेल्याला, लहान मुलाला, आडगावच्या ग्रामीण रुग्णालयात जिथं साधनं कमी तिथं, याच्यावर आमची भिस्त असते. नशेसाठी गैरवापर होतो हेही खरं. म्हणून आपल्याकडे 2011 मध्ये एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं आणि 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये आहे. म्हणजे कुलपात ठेवायचं, प्रत्येक व्हायलची नोंद, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची. त्यामुळं "घरपोच केटामाईन" म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका. तुम्हाला कसंतरी झालं ते योग्यच होतं.

डिप्रेशनमध्ये डोस भुलीच्या मानानं खूप कमी असतो. अभ्यासांत सर्वाधिक वापरलेला म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, सलाईनमधून चाळीस मिनिटांत हळूहळू. पेशंट झोपत नाही, जागा असतो. पण त्या चाळीस मिनिटांत रक्तदाब आणि नाडी वाढतात, काहींना उलटी होते, काहींना आपण शरीरापासून सुटलोय असं वाटून घाबरायला होतं. म्हणून ईसीजी, बीपी, ऑक्सिजनचा मॉनिटर लावलेला हवा, श्वासमार्ग सांभाळू शकणारा माणूस खोलीत हवा, आणि नंतर निदान दोन तास नजरेखाली ठेवायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कोल्हापूर, सांगली, मिरजेत मॉनिटर आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, औषध आहे. नाही ते एवढंच, की मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना एकीकडे आणि ऑपरेशन थिएटर दुसरीकडे, आणि या दोघांची गाठ कोणी घालून देत नाही. बहुतेक मानसोपचारतज्ज्ञांकडे कन्सल्टिंग रूम असते, बेड नसतो. भूलतज्ज्ञ दिवसभर सर्जनच्या वेळापत्रकावर पळत असतो. त्याला कोणी विचारलंच नाही तर त्याच्या डोक्यातही येत नाही. पुण्याला जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, "शॉक ट्रीटमेंटसाठी तुम्ही पेशंट कुठल्या हॉस्पिटलला नेता?" जिथं भूल देऊन ईसीटी, म्हणजे हीच शॉक ट्रीटमेंट, होते तिथं केटामाईनला लागणारं सगळं असतंच. त्याच टेबलावर, त्याच भूलतज्ज्ञाकडून हे होऊ शकतं. डॉक्टरांनी डॉक्टरांशी एक फोन करायचा असतो.

पंचगंगा_काठ
दादा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. "सोय नाही" म्हणजे शहरात औषधच नाही असं धरून चालले होते. उद्याच विचारते.

जुनी_डायरी
मी घेतलंय. पुण्यात. सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा असं कोणाचं वाचायला मिळालं नव्हतं.

पहिल्या टप्प्यात आठवड्यातून दोनदा, असे तीन आठवडे. कोल्हापूरहून दर वेळी ये-जा करणं अशक्य. सहापदरीकरणामुळं महामार्गाची काय अवस्था आहे ते आपण जाणतोच, आणि सलाईननंतर मळमळत असताना गाडीत पाच-सहा तास बसणं म्हणजे शिक्षा. मावशीकडं कोथरूडला राहिले. पुण्यात राहायला घर नसलेल्या माणसानं काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हाही छळायचा आणि आजही छळतो. औषध स्वस्त आहे हो. व्हायलच्या किमतीनं कोणी घाबरणार नाही. पैसे जातात ते बेडला, भूलतज्ज्ञांच्या फीला, राहण्याला, आणि सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या रजांना.

सकाळी उपाशी जायचं. वजन, बीपी, एक प्रश्नावली. सुई टोचली, क्लिप बोटाला. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग ओठ बधिर झाले, पंख्याचा आवाज लांबून, बोगद्यातून आल्यासारखा. छताचा कोपरा सरकतोय असं वाटायला लागलं. हात माझे आहेत हे कळत होतं, पण उचलावेसे वाटत नव्हते. मला भीती वाटली. सिस्टर शेजारी होत्या, त्यांनी मनगटावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "औषध चालू आहे, मी इथं आहे, वीस मिनिटं राहिलीत." त्या वाक्यानं मी टिकले. सलाईन संपल्यावर अर्ध्या तासात जमीन पायाखाली आली. संध्याकाळपर्यंत डोकं जड.

पहिल्यानंतर काही फरक नाही, आणि त्या रात्री मी खूप रडले, कारण लोक म्हणतात की लगेच कळतं. दुसऱ्यानंतरच्या सकाळी मावशीनं चहा दिला आणि तो गरम आहे, गोड आहे, आलं जास्त झालंय, हे जाणवलं. कित्येक महिन्यांत मला कशाची चवच नव्हती. मरणाचे विचार बंद झाले असं नाही म्हणणार, पण ते मागं सरकले, मध्ये जागा झाली. त्या जागेत मी आंघोळ केली, भावाला फोन केला, समुपदेशकाची वेळ घेतली.

आणि हेही सांगायलाच हवं. सगळे डोस संपले आणि काही आठवड्यांत मन पुन्हा खाली यायला लागलं. हे होऊ शकतं असं मला आधी नीट बजावलं गेलं नव्हतं, त्यामुळं आपणच कुठंतरी कमी पडलो असं वाटून मी आणखी खचले. मग गोळ्या बदलल्या, महिन्यातून एकदा असं काही काळ चाललं, आणि थेरपी. आज मी नोकरी करते. केटामाईननं मला बरं केलं नाही, बरं होण्याइतकी ताकद दिली. भावाला नेताना हे त्याला आणि वहिनीला आधी सांगा.

समुपदेश
जुनी_डायरी, मनापासून आभार. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुम्ही जिला "जागा" म्हणताय तिच्यातच आमचं काम असतं.

परदेशात काही ठिकाणी केटामाईनच्या सत्राला जोडूनच मानसोपचाराची बैठक घेतात. आधी तयारी, औषध चालू असताना सोबत, दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणं. जोडून केल्यानं किती जास्त फायदा होतो याचे पुरावे नुसत्या सलाईनच्या पुराव्यांइतके भक्कम नाहीत. पण माझं ठाम मत आहे की ज्या दिवसांत माणूस जरा वर आलेला असतो ते दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत. पंचगंगा_काठ, पहिल्या सलाईनच्या आधीच कोल्हापुरातल्या थेरपिस्टची वेळ ठरवून ठेवा. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का बघा. सलाईनच्या दिवशी नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. झोपेची वेळ, सकाळी घराबाहेर पडणं, मुलीबरोबर रोज पंधरा मिनिटं, इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात होते.

रोखठोक_काका
मला यात घाई दिसते. नवीन काहीतरी आलं की सगळे तिकडं धावतात. माझ्या बायकोला 1990 च्या दशकात शॉक दिले होते, भूल न देता. ती आठवण अजून अंगावर येते. आता हे नवीन सलाईन. पेशंटवर प्रयोग चाललेत असंच वाटतं.

भूलवाला_सांगली
काका, काकूंच्या बाबतीत जे झालं त्याचा राग रास्त आहे. आज तसं करणं बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. आता पेशंट झोपलेला असतो, आणि झटका मॉनिटरवर दिसतो, अंगावर जेमतेम.

प्रयोग म्हणाल तर डिप्रेशनमध्ये केटामाईनचा पहिला छोटा अभ्यास येल विद्यापीठातून 2000 साली आला. 2023 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 403 पेशंटचा अभ्यास छापून आला, अमित आनंद आणि सहकाऱ्यांचा. औषधांना न जुमानणारं, पण भ्रम-भास नसलेलं डिप्रेशन. तीन आठवड्यांनंतर केटामाईन गटात 55.4 टक्के लोकांना चांगला प्रतिसाद, ईसीटी गटात 41.2 टक्के. ईसीटीनंतर स्मरणाच्या तक्रारी जास्त होत्या. उलट स्वीडनच्या एका अभ्यासात, दाखल झालेल्या पेशंटमध्ये ईसीटी सरस ठरली. तेव्हा हे चांगलं आणि ते वाईट असं नाही. ज्याला भास होतात, ज्यानं खाणंपिणं सोडलंय, त्याला मी आजही ईसीटीच सुचवलेली बघतो.

आपल्याकडे केटामाईन भुलीचं औषध म्हणून मंजूर आहे. डिप्रेशनसाठी देणं हे डॉक्टरांच्या जबाबदारीवर, मंजूर वापराबाहेरचं असतं. म्हणून संमतिपत्रात हे स्पष्ट मराठीत लिहिलेलं असावं आणि पेशंटनं वाचूनच सही करावी.

मिरजकर
माझ्या चुलत भावाला मिरजेत ईसीटीनं फरक पडला. "शॉक" म्हटलं की घरचे हबकतात, म्हणून पर्याय असूनही कोणी तोंडातून काढत नाही. पंचगंगाताई, डॉक्टरांना दोन्ही विचारा. ते इथल्या इथं होतं, पुणं गाठावं लागत नाही.

ओहायोची_वैदर्भी
मी मूळ अमरावतीची, आता ओहायोत एका मध्यम शहरात असते. नवऱ्यासाठी इथं एस्केटामाईनचा, म्हणजे केटामाईनच्याच एका रूपाचा, नाकात मारायचा स्प्रे चालू आहे. स्प्राव्हॅटो नावानं 2019 च्या मार्चमध्ये मंजूर झाला. इथंही तो घरी देत नाहीत. नोंदणी झालेल्या क्लिनिकमध्येच घ्यायचा, दोन तास तिथंच बसायचं, बीपी मोजत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी नीट झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. विमा कंपनीनं आधीच्या औषधांची पूर्ण यादी मागितली. कुठलं, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, का बंद केलं. त्या कागदावाचून फाईल पुढं सरकली नाही. आमचं क्लिनिक तासभर दूर आहे. दर वेळी माझी अर्धा दिवस रजा. लहान शहराचं दुखणं इथंही तेच आहे.

घरी घ्यायच्या केटामाईनच्या गोळ्या इथं मधल्या काळात फार बोकाळल्या. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएनं, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेनं, त्याबद्दल इशारा दिला. त्याच महिन्यात अभिनेता मॅथ्यू पेरी गेला, शवविच्छेदनात केटामाईनचा परिणाम हे कारण निघालं. तो देखरेखीखालच्या उपचारानं गेला नव्हता, हे लोक विसरतात, आणि नुसतं नाव ऐकून घाबरतात. धोका औषध कोण देतंय आणि कोण बघतंय यात आहे.

आकडेमोड
मी आरोग्य विम्यात काम करतो. मानसिक आजारावरचे उपचार शारीरिक आजारांप्रमाणेच विम्यात आले पाहिजेत, असं 2017 च्या कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. तरी केटामाईनचे क्लेम अडकतात. कारण दोन : एक, पेशंट चोवीस तास दाखल नसतो. दोन, मंजूर वापराबाहेरचं म्हणून "प्रायोगिक उपचार" या वगळणीत टाकतात. आधीच लेखी विचारा. डॉक्टरांचं पत्र जोडा, ज्यात निदान, आतापर्यंतची औषधं आणि हा उपचार का, हे असेल. डे-केअरमध्ये बसतं का ते विचारा. तोंडी "हो होईल" यावर एक रुपया खर्च करू नका. नकार आला तर कारणासह लेखी घ्या, तक्रार निवारण अधिकारी आणि मग लोकपाल असा रस्ता आहे. क्लिनिककडूनही पूर्ण खर्चाचा अंदाज लेखी घ्या. एकदम सगळ्या सत्रांचे आगाऊ पैसे मागत असतील तर देऊ नका, दोन-तीन सत्रांनंतर उपयोग नाही असं दिसलं तर थांबायची मोकळीक हवी.

समुपदेश
वैदर्भीताईंनी औषधांच्या यादीचं लिहिलं ते सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे चिठ्ठ्या फडताळात, डब्यात, पर्समध्ये विखुरलेल्या असतात. एका कागदावर क्रमानं उतरवा. अनेकदा त्यातूनच दिसतं की एखादं औषध पुरेशा डोसला, पुरेसे आठवडे दिलंच गेलं नव्हतं. दोन औषधं नीट देऊनही गुण आला नाही तरच त्याला "औषधांना दाद न देणारं डिप्रेशन" म्हणतात. थायरॉईड, बी-12, दारू, आणि मुख्य म्हणजे मधूनच अतिउत्साहाचे, कमी झोपेचे, उधळ्या खर्चाचे दिवस येतात का, हे तपासलंय ना? बायपोलर असेल तर सगळं गणित बदलतं.

पंचगंगा_काठ
डॉक्टरांना भेटून आले. सगळ्यांचं वाचून प्रश्न लिहून नेले होते. "ईसीटी कुठं करता?" विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो, तिथं करता येईल, मी भूलतज्ज्ञांशी बोलतो." माझ्यासमोरच फोन लावला. भूलतज्ज्ञ तयार आहेत, हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाची परवानगी आणि संमतिपत्र ठरायचं आहे. ईसीटीबद्दलही बोललो, भाऊ सध्या नको म्हणतो, पण दार बंद केलेलं नाही. थायरॉईड आणि बी-12 पुन्हा करायला दिलेत. यादी करताना कळलं की मिर्टाझापिन फक्त सर्वांत कमी डोसवर होती आणि लवकरच बंद झाली होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

भावाला जुनी_डायरी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. चहाचं ऐकून म्हणाला, "मलाही चव नाही." एवढं तो बऱ्याच दिवसांत स्वतःबद्दल बोलला नव्हता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याला बीपीची गोळी चालू आहे, आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. चालेल का?

जुनी_डायरी
त्याला माझा नमस्कार सांगा. सैल कपडे, डोळ्यांवर बांधायला मऊ रुमाल, आणि सोबत असा माणूस जो सारखं "काय वाटतंय?" विचारणार नाही. घरी नेताना दुचाकीवर मागं बसवू नका, रिक्षा किंवा गाडीच.

भूलवाला_सांगली
बीपी आटोक्यात असेल तर चालतं, नसेल तर आधी ते आटोक्यात आणायचं, मग तारीख. आमच्याकडे सहसा बीपीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात आणि खाणं सहा तास बंद. पण गोळी कुठली आहे ते तुमच्या भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. काही गोळ्यांच्या बाबतीत ते वेगळं सांगतील. क्लोनाझेपामसारख्या औषधांनी केटामाईनचा परिणाम कमी होऊ शकतो असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणून ते सांगायलाच हवं, पण स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानं झटके येऊ शकतात. हळूहळू कमी करायचं की आदल्या रात्रीचा डोस टाळायचा, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. लघवीची जळजळ किंवा वारंवार जावं लागणं असं काही असेल तर तेही आत्ताच सांगा. केटामाईन दीर्घकाळ, वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा होते, म्हणून पुढं देखभालीचे डोस लागले तर दर वेळी विचारत राहायचं. घरात कोणाला भास-भ्रमाचा आजार झाला असेल तर तोही पहिल्या भेटीतच सांगायचा.

परवानगी मिळायला वेळ लागला तर इथं लिहा. हॉस्पिटलला लागणारी मॉनिटर आणि औषधांची यादी मी एका पानात करून टाकतो, ती तुमच्या डॉक्टरांना देता येईल.